खिडकी उघड, बर्फ राहू दे!

आमच्या धंद्यातला साधा नियम: बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आधी नीट प्रश्न विचारा. गेल्या दिवाळीनंतर आईला सल्ला देताना मी दोन्ही विसरलो.

आई पुरुषोत्तमनगरला असते. साखर कारखान्याचं गाव, चहूकडे ऊस. बचत गटातल्या बायकांना "मी करून दाखवते" म्हणून तिने मागच्या खोलीत धिंगरी आळिंबीच्या दहा पिशव्या टांगल्या. गव्हाचं काड गरम पाण्यातून काढलं, निथळलं, थराथरात स्पॉन भरलं. अठरा दिवसांत पिशव्या पांढऱ्याशुभ्र! पुढे मात्र ढिम्म. फोन आला, "अरे, उगवणार कधी?" मी पुण्यात बसून ऐटीत सांगितलं, बर्फाचं पाणी मार, थंडीचा झटका लागतो.

लागतो, पण बटण मशरूमला! त्याला साधारण 24 अंशांवरून 16-18 वर आणावं लागतं, वर मातीचा थरही द्यावा लागतो. आपली धिंगरी 20 ते 30 अंशांत मजेत असते.

चार दिवसांनी आळिंबी आली, पण कशी? देठ लांबलचक, टोपी शर्टाच्या बटणाएवढी. हा तर सरळ एरर मेसेज होता: खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. ओलावा टिकावा म्हणून आईने खिडकी बंद ठेवली होती.

विचार करा, बुरशी लाकडाच्या आत अंधारात वाढते. पृष्ठभागाशी आली की मोकळी हवा, उजेड आणि ओल एकदम भेटतात. बीजाणू उडवायला हीच जागा! पिशवी पूर्ण पांढरी झाल्यावर आपण प्लास्टिक काढतो तेव्हा नेमकं हेच घडवतो.

म्हणून माझं ठाम मत: धिंगरी अडली तर आधी हवा तपासा. पण नुसती हवा दिली तर पिशवी सुकते, आर्द्रता 80-90 टक्के हवीच. आईने सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडली आणि तिच्यावर ओलं गोणपाट टांगलं. दुसरा बहर तळहाताएवढा आला. गटातल्या तिघीजणी आता काड शोधतायत.

असो. यापुढे सल्ला देण्याआधी मशरूम कुठलं ते विचारेन. आईने मात्र बर्फाचं अजून सोडलेलं नाही. फोन केला की पहिला प्रश्न, "काय रे, आज फ्रीज रिकामा करू का?"