भिंतीपलीकडची शिदोरी

घरात पंधरा-सोळा वर्षांचे मूल असले की वडीलधाऱ्यांपुढे एक पेच उभा राहतो. पाणीटंचाई, बेकारी, बिघडते हवामान याविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, की ‘तू आपला अभ्यास कर’ म्हणून विषय मिटवावा? या पेचाला थेट भिडणारी एक कादंबरी १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली : ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’.

कथा सुरू होते ती २०२४ च्या जुलैत. पंधरा वर्षांची लॉरेन लॉस एंजेलिसजवळ एका तटबंदीच्या वस्तीत राहते. पाणी पेट्रोलहून महाग झाले आहे आणि पोलीस पैसे मोजल्याशिवाय येत नाहीत. जुने दिवस परत येतील, या आशेवर मोठी माणसे बसली आहेत. ही भिंत टिकणार नाही, हे लॉरेनला मात्र दिसते. ती मैत्रिणीजवळ मन मोकळे करते, बोभाटा होतो आणि वडील तिला समज देतात. पण ते तिचे तोंड बंद करीत नाहीत. लोकांना घाबरवण्यापेक्षा शिकव, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ.

मग ती शिकते. कोणती रानवनस्पती खाता येते, जखम कशी बांधावी, हे पुस्तकांतून टिपून ठेवते. एका गाठोड्यात गरजेच्या वस्तू आणि बियाणे बांधते. २०२७ मध्ये वस्ती जळते, घरची माणसे जातात. ते गाठोडे घेऊन ती उत्तरेकडे चालू लागते आणि वाटेत अनोळखी माणसे जोडत जाते. दुसऱ्याची वेदना दिसली की तिला ती स्वतःच्या अंगात जाणवते. त्या निर्दय जगात हे व्यंगच ठरावे. तरी माणसे जोडण्याचे तिचे बळ मला त्यातच दिसते.

२०२० मध्ये ही कादंबरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत आली. जानेवारी २०२५ मध्ये अल्टाडीनाला भीषण आग लागली. बटलर यांचे दफन झाले ते हेच गाव. साहजिकच ‘भाकीत खरे ठरले’ अशी चर्चा झाली. परंतु भाकितापाशी थांबणे म्हणजे कादंबरी अर्धीच वाचणे होय. तिचा खरा प्रश्न पालकांना आहे : मुलांसाठी आपण भिंत उंच करीत आहोत, की त्यांच्या हाती शिदोरी देत आहोत?

कादंबरीत हिंसा आहे, प्रसंग अंगावर येतात. म्हणून लहानग्यांना ती देऊ नये. पण कळत्या मुलांबरोबर आईवडिलांनीही ती वाचावी आणि मग जेवताना तिच्यावर बोलावे. मुलांना भीतीची चाहूल आधीच लागलेली असते. आपण गप्प बसल्याने ती जात नाही. मुले त्या भीतीपाशी एकटी पडतात, इतकेच.