मेंदूपर्यंतची वाट

पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट करणाऱ्या ‘एसएमए’ या जनुकीय आजारावरील झोलजेन्स्मा या औषधाला अमेरिकेने २०१९ मध्ये मान्यता दिली, तेव्हा त्याच्या एका मात्रेची किंमत एकवीस लाख डॉलरहून अधिक होती. आपल्या दुर्मीळ आजारविषयक राष्ट्रीय धोरणातील साह्याची कमाल मर्यादा आहे ५० लाख रुपये. मधली कोट्यवधींची दरी पालकांनी समाजमाध्यमांवर झोळी पसरून भरायची, असा जणू शिरस्ताच पडला आहे.

या किमतीमागे निव्वळ नफेखोरी नाही. जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात आणि तो शुद्ध स्वरूपात तयार करणे खर्चिक असते. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे दुसरी मात्रा देणे जवळपास अशक्य होते. त्याची वहनक्षमताही तोकडी, जेमतेम ४,७०० जनुकीय अक्षरांची. बालवयातील तीव्र अपस्माराशी, म्हणजे द्रावे सिंड्रोमशी, निगडित असलेला एससीएन१ए जनुकाचा संकेत सुमारे सहा हजार अक्षरांचा. तो त्यात मावतच नाही.

विषाणूविना जनुकीय संदेश पोहोचवण्याची विद्या भारताला नवी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळालेली अहमदाबादची ‘झायकोव्ह-डी’ ही माणसांसाठीची जगातील पहिली डीएनए लस. पाठोपाठ पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस आली. दोहोंमागे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे पाठबळ होते. साथ ओसरली आणि या कौशल्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र धोरणकर्त्यांना फारसा पडलेला दिसत नाही.

अर्थात, दंडात लस टोचणे वेगळे आणि मेंदू गाठणे वेगळे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर बहुतेक औषधांना दारातच थोपवतो. शिरेतून दिलेले स्निग्ध नॅनोकण प्रामुख्याने यकृतात जाऊन अडकतात. केंद्रित ध्वनिलहरींनी तो अडसर तात्पुरता सैल करणे, कणांवर मेंदूकडे नेणारी प्रथिने बसवणे, असे प्रयत्न सुरू आहेत. पण परिणाम अल्पजीवी ठरतो आणि यश अजून बव्हंशी प्राण्यांपुरतेच आहे. असे काम दोन-तीन वर्षांच्या अनुदानात उरकणारे नव्हे.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘बायोई-३’ धोरणात अचूक जैवउपचारांचा समावेश आहे. त्यातील निधीचा ठरावीक वाटा मेंदूसाठीच्या विषाणूविरहित वाहकांना दहा वर्षांसाठी द्यावा. बंगळूरुची निम्हान्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि लसउत्पादक यांना एका करारात बांधावे. सार्वजनिक पैशातून साकारणाऱ्या उपचाराच्या किमतीची अट मात्र पहिला हप्ता देण्यापूर्वीच त्या करारात लिहिलेली असावी.