जकातीचे दोन रकाने

‘जकात’ म्हटले की जुन्या माणसांना अजून नाकाच आठवतो. मुंबईचे नाके १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी आला तेव्हा बंद झाले. शब्द तोच, अरबीतून आलेला. पण रमजानमध्ये मुस्लिम घरांत जिचा हिशेब मांडला जातो ती जकात वेगळी. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर टिकली, की तिचा चाळिसावा भाग गरजूंचा.

हा पैसा आजवर हातोहात गेला. गरीब नातेवाईक, गल्लीतली विधवा, मदरशाची पावती. आता तो जागतिक पातळीवर एकत्र होऊ लागला आहे. २०१९ मध्ये युनिसेफ आणि जेद्दाहची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक यांनी मुलांसाठी सामाईक निधी उभारला. मुस्लिम फाउंडेशन्सनी आपापली जकात, सदका त्यात द्यावा आणि त्यातून आरोग्य, शिक्षण, पाणी, बालसंरक्षण अशी कामे व्हावीत, ही कल्पना. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनेही जकात निधी सुरू केला.

दुसऱ्या निधीचे काम त्या मानाने सोपे आहे. तो निर्वासित कुटुंबाच्या हाती रोख ठेवतो. पहिल्याची खरी अडचण फिकहची आहे. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत लहान मूल वेगळे नाही. ते ‘फकीर’ आणि ‘मिस्कीन’ यांच्यात येते. शिवाय हनफी मतानुसार ‘तमलीक’ हवी, म्हणजे रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने पालक पैसे घेऊ शकतात, तिथवर ठीक. पण त्याला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी कुणा एकाच्या मालकीच्या नसतातच. बालवाडीच्या ताईचा पगार, झाकलेले गटार, गल्लीतला दिवा. काही आधुनिक विद्वान ‘फी सबीलिल्लाह’चा अर्थ व्यापक करून वाट काढतात; बहुतेक हनफी उलेमांना ते मान्य नाही.

हा कीस वाटेल त्यांनी कंपन्यांचा सीएसआर आठवावा. तिथेही कशावर खर्च चालेल याची यादी कायद्यातच आहे, आणि व्यवस्थापन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा.

अटी नसलेल्या पैशाचे उदाहरणही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मॅकआर्थर फाउंडेशनने सीरियन निर्वासित बालकांसाठी १० कोटी डॉलर दिले. त्यातून अरबी ‘अहलन सिमसिम’ कार्यक्रम आणि घरभेटी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी लेगो फाउंडेशनने तेवढीच रक्कम दिली, त्यात कॉक्स बाजारची रोहिंग्या मुलेही आली. काम मोठे झाले. पण असे अनुदान मुदतीचे असते, जकात मात्र दरवर्षी निघतेच. म्हणून सामाईक निधीने जकात आणि सदका यांची खाती काटेकोर वेगळी ठेवली, तरच देणारा टिकेल. मालकीचा प्रश्न सदक्याला नसतो. गटार आणि दिवा त्यातूनच व्हायचे.

आपल्याकडची गोष्ट याहून फार निराळी नाही. मदरशात मूल साधारण सहा-सातव्या वर्षी जाते. त्याआधीची वर्षे अंगणवाडीची, आणि ती सरकारची म्हणून मोहल्ल्याच्या हिशेबात येत नाही. पावतीपुस्तकात मात्र जकात, फित्रा यांच्या शेजारी ‘अतिया’ किंवा ‘इमदाद’चा रकाना छापलेला असतो. बहुधा तोच कोरा राहतो.