सहलीचा कागद आला!

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा पुढच्या तीन महिन्यांच्या सहलींचा कागद परवा हाती आला. जानेवारीत हुरडा, फेब्रुवारीत कार्ला लेणी आणि एकवीरादेवी, मार्चमध्ये रात्रीच्या प्रयोगाला नाटक. खाली चिटणीसांची टीप : "सूचना असल्यास मंगळवारपर्यंत कळवाव्यात." सूचना म्हटलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते, हे घरच्यांना ठाऊकच आहे. पण या वेळी कागद वाचून हसू आलं नाही. कार्ल्याच्या ओळीवर नजर अडली ती अडलीच.

दोन वर्षांपूर्वी याच कार्ल्याला आमची सहल गेली होती. सहल समितीत मी होते आणि ठिकाण मीच सुचवलं होतं. शाळेत असताना मुलांना घेऊन दोन-तीनदा गेलेली. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते भव्य चैत्यगृह, छताच्या लाकडी फासळ्या अजून जागच्या जागी, सगळं डोळ्यांसमोर होतं. पायऱ्या मात्र डोळ्यांसमोर नव्हत्या. पन्नाशीच्या आतल्या पायांना पायऱ्या आठवत नाहीत हो!

आमच्यात माझी एक जुनी मैत्रीण होती. गुडघ्यांनी बेजार. पायथ्याशी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." आम्हीही "बरं, येतोच लगेच" म्हणून निघालो. ते "लगेच" अडीच तासांचं झालं. चढण, लेणं, देवीच्या दर्शनाची रांग, फोटो, मग उतरण. खाली आलो तर ती एका दुकानाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. मी प्रसाद दिला. "छान झालं ना दर्शन?" असं तिनंच मला विचारलं.

पुढच्या सहलीला नात येणार म्हणून ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळी दाताचं काहीतरी निघालं. हळूहळू मंगळवारच्या सभेलाही येईनाशी झाली. बऱ्याच महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा चहा करता करता म्हणाली, "अगं, राग नाही. पण त्या अडीच तासांत मला कळलं की माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही." मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर वर्गात बोलत आलेली बाई मी. कप विसळून ठेवला आणि घरी आले.

म्हणून आज हे लिहिते आहे.

शाळेच्या सहलीचा आमचा एक साधा नियम होता. रांगेत सगळ्यांत पुढे सर्वांत लहान, सर्वांत हळू चालणारं पोर. दांडगी मुलं मागे. का? तर पुढचा हळू चालला की रांग तुटत नाही. दांडगा पुढे असला की अर्धी रांग मागे राहते आणि शिक्षक बिचारा दोन्हीकडे धावतो. तीस-बत्तीस वर्षं हा नियम मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळला आणि स्वतःच्या वयाच्या माणसांसाठी नेमका विसरले.

यावर समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, मग आम्ही धडधाकट आहोत त्यांनी काय जन्मभर सपाटीवरच फिरायचं?" प्रश्न रास्त आहे. पंचाहत्तरीत सिंहगड चढणारी माणसं आमच्यात आहेत आणि मला त्यांचं कौतुकच वाटतं. त्यांच्यासाठी चढणीची सहल जरूर असावी, पण वेगळी, आणि तसं आधी सांगून. किती पायऱ्या, बसायला जागा कुठे, आणि (स्पष्टच लिहिते) स्वच्छतागृह कुठे, हे कागदावर लिहिलेलं असावं. सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती बायका आमच्या बसमध्ये असतात, हे पुरुष मंडळींना माहीतही नसेल. संघाची जी मुख्य सहल असते, वर्गणी सगळ्यांची आणि निमंत्रणही सगळ्यांना, ती मात्र सर्वांत हळू चालणाऱ्याला झेपेल अशीच हवी.

नुसती तक्रार करून थांबणं मला आवडत नाही, म्हणून माझ्या सूचना :

हुरडा राहू द्या. फक्त सतरंज्यांबरोबर खुर्च्या हव्यात. खाली बसलेलं माणूस उठवायला दोघं लागतात. आणि कवळीवाल्यांसाठी पिठलं-भाकरी सांगून ठेवा. भाकरी पिठल्यात कुस्करून खाता येते. हुरडा काय, तोंडाला चव म्हणून चिमूटभर पुरतो!

कार्ल्याऐवजी २२ फेब्रुवारीला आगाखान पॅलेस. १९४४ साली याच तारखेला कस्तुरबा तिथे स्थानबद्धतेत गेल्या. त्याआधी १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले होते. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. मोठी झाडं, सपाट वाटा. आम्ही कोथरूडची माणसं. वनाजला मेट्रोत बसलो की थेट कल्याणीनगरला उतरायचं, दोन्हीकडे लिफ्ट आहे. पुढचं थोडं अंतर रिक्षानं. पुण्यात जन्म काढलेले आमचे किती सभासद तिथे एकदाही गेलेले नाहीत, हे हात वर करायला लावून बघाच.

नाटक असू द्या, पण दुपारच्या प्रयोगाचं. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईनं रिक्षा कुठे शोधायची? आणि तिकिटं खालचीच काढा, बाल्कनीची नकोत.

आणि एक दिवस वाई. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट वरूनच पाहिला तरी चालेल, आणि ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला ते गाव मराठी माणसानं एकदा तरी बघावं. खासगी बस ठरवली की वर्गणी वाढते, आणि पेन्शन नसलेल्या दोघी-तिघी "तब्येत बरी नाही" म्हणतात. ती तब्येत कसली ते आपण सगळे ओळखतो. एसटीनं गेलो तर? २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मला फुकट प्रवासाला अजून वर्षभर थांबायचं आहे, पण बाई म्हणून अर्ध्यात भागतं! एसटीची पहिली पायरी उंच असते, हे खरं. त्याला उपाय म्हणजे घरातलं लाकडी स्टूल बरोबर घ्यायचं आणि ते उचलायचं काम सिंहगड चढणाऱ्या मंडळींकडे द्यायचं.

काही जण म्हणतील, एवढा विचार करून सहल काढायची तर मजा काय राहिली? मला विचाराल तर आमच्या वयात सहलीला माणसं ठिकाण बघायला कमीच येतात. डबा उघडून "घ्या हो, लोणचं घरचं आहे" म्हणायला कुणीतरी शेजारी हवं असतं, म्हणून येतात. लेणं दोन हजार वर्षं थांबलं आहे, ते आणखी थांबेल. माणसं तेवढी थांबत नाहीत. गेल्या वर्षभरात आमच्या यादीतली चार नावं कमी झाली.

असो. मंगळवारी हा कागद चिटणीसांना देणार आहे. मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. लोकशाही आहे, आणि एकवीरेचे भक्त आमच्यात पुष्कळ. पण त्याआधी उद्या संध्याकाळी तो घेऊन मैत्रिणीकडे जाईन. यातलं तिला काय झेपेल ते विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.

तुमच्याकडे सहली कशा ठरतात, जरूर कळवा.