न दिसणारी आग आणि पाठीमागची टाकी

दर जानेवारीत अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एका प्रचंड प्रदर्शन-सभागृहात ट्रक भरभरून माती आणून टाकली जाते. ती दाबून सुमारे चारशे मीटरचा लंबगोल मार्ग तयार होतो आणि छपराखालीच शर्यती सुरू होतात. १९८७ पासून चालत आलेली ही स्पर्धा ‘चिली बाउल’ म्हणून ओळखली जाते. तिथे धावणाऱ्या गाड्यांना ‘मिजेट’ म्हणतात. नाव बुटक्याचं असलं तरी ताकद तशी नाही. गाडीचं वजन साडेचारशे किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या छोट्या मोटारीच्या निम्मं; इंजिन मात्र तीनशे अश्वशक्तीच्या वर. गाडीला स्टार्टर नसतो, मागून ढकलून ती सुरू करतात. चालकाच्या पाठीला जवळजवळ टेकून इंधनाची टाकी असते आणि त्या टाकीत पेट्रोल नसून मेथनॉल असतं.

विषारी दारूच्या बातम्यांमुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नाव ओळखीचं आहे. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं ज्या द्रवाने मेली, तोच हा द्रव. शर्यतीच्या मैदानावर तो डब्यांनी वाहून नेला जातो, नरसाळ्याने ओतला जातो, हातावर सांडतो आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही. ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवरच सगळा व्यवहार उभा आहे.

मेथनॉल शर्यतीत वापरलं जातं त्यामागे रसायनशास्त्र आहे. बाष्प होताना ते खूप उष्णता शोषून घेतं, त्यामुळे इंजिनात जाणारी हवा थंड राहते. ते दाबाखाली अवेळी पेटत नाही, म्हणून इंजिन जास्त दाबावर चालवता येतं. त्याची किंमत मोजावी लागते ती टाकीच्या आकारात. एक लिटर मेथनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम निम्मी ऊर्जा असते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, तर मेथनॉलला साडेसहाच्याही आत. म्हणजे तेवढ्याच शर्यतीसाठी दुपटीहून जास्त इंधन, आणि तेही या चिमुकल्या गाडीत चालकाच्या पाठीशी.

गंमत अशी की मेथनॉलचा प्रसार सुरक्षिततेच्या नावाखालीच झाला. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड यांची गाडी भिंतीवर आदळली, पेट्रोलचा भडका उडाला आणि मागून आलेले एडी सॅक्स त्यात शिरले. दोघेही गेले. त्यानंतर नियम असे बदलले की पेट्रोलचा फायदाच उरला नाही आणि पुढच्या वर्षापासून बहुतेक संघ मेथनॉलकडे वळले. युक्तिवाद चुकीचा नव्हता. मेथनॉल पेट्रोलइतक्या सहज पेटत नाही, त्याच्या ज्वाळेत काजळी जवळजवळ नसल्याने आसपास कमी उष्णता फेकली जाते आणि ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याने विझवता येतं.

पण काजळी नाही म्हणजे पिवळा प्रकाशही नाही. भर उन्हात मेथनॉलची ज्वाला डोळ्यांना दिसत नाही. १९८१ मध्ये त्याच इंडियानापोलिसच्या मैदानावर रिक मिअर्स इंधन भरून घेण्यासाठी थांबले असताना मेथनॉल सांडून पेटलं. चालक आणि त्यांचे सहकारी जळत होते आणि आजूबाजूच्यांना दिसत होती ती फक्त हातवारे करत धावणारी माणसं. शेवटी मिअर्स यांच्या वडिलांनीच अग्निशामक उचलून मुलावर मारला. नाकावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, पण मिअर्स वाचले. जळिताचे रुग्ण पाहणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला या प्रसंगातली भीती कळेल. भाजणं किती खोल जाईल हे तापमान आणि वेळ या दोन गोष्टी ठरवतात. आग दिसली नाही तर वेळ वाढते. शिवाय ती दुरून उष्णही लागत नाही, म्हणून मदतीला धावलेला माणूस सरळ तिच्यात हात घालतो.

इंडियानापोलिसच्या मालिकेने पुढे २००७ मध्ये इथेनॉल स्वीकारलं. त्याची ज्वाला तुलनेने दिसते. मिजेट मात्र मेथनॉलवरच राहिल्या.

टाकीच्या रचनेत या काळात झालेली सुधारणा खरोखर मोठी आहे. जुन्या गाड्यांत शेपटाकडच्या भागात पत्र्याची टाकी असे. धडकेत पत्रा चिरला की इंधन बाहेर. आता कठीण कवचाच्या आत कापडाने मजबूत केलेल्या रबराची पिशवी असते. कवच फुटलं तरी पिशवी दबते, वाकते, पण सहसा फाटत नाही. पिशवीत स्पंजासारखा सच्छिद्र फोम भरलेला असतो. मातीच्या मार्गावर गाड्या सतत डावीकडे वळतात, त्यामुळे इंधन उजवीकडे आणि मागे लोटलं जातं. फोम ते हिंदकळणं कमी करतो. हवा आत घेणाऱ्या नळीत एक झडप असते, गाडी उलटली की ती बंद होते. मिजेट गाड्या किती वेळा कोलांट्या खातात हे पाहिलेल्याला या छोट्या झडपेचं मोल सांगावं लागत नाही. चालकाच्या हाताशी इंधन तोडण्याची तोटी असते आणि इंधनाचा पंप इंजिनच फिरवत असल्याने इंजिन थांबलं की पंपही थांबतो.

फोमचं आणखी एक काम आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोलच्या अर्धवट भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. मेथनॉलचं उलट आहे. हवेत त्याची वाफ ६ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान असली की ती पेटू शकते, आणि २० अंश तापमानाला बंद भांड्यातली वाफ साधारण १३ टक्के भरते, म्हणजे नेमकी या पट्ट्यात. ११ अंशांपासून ४० अंशांच्या आसपासपर्यंत, म्हणजे माणूस जिथे राहतो त्या बहुतेक हवामानात, मेथनॉलच्या भांड्यातली मोकळी जागा स्फोटक असते. टाकीत फोमची बारीक भोकं ज्वाळेला पसरू देत नाहीत.

मैदानाच्या मागच्या बाजूला, गाड्या दुरुस्त करण्याच्या जागेत उभ्या असलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत मात्र फोम नसतो. पिशवी नसते, उलटल्यावर बंद होणारी झडप नसते. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी वीसेक लिटरचा डबा खांद्याशी उचलून नरसाळ्यात रिकामा केला जातो, आणि ते करणारे अनेकदा पगारी तंत्रज्ञ नसून चालकाचे वडील, भाऊ किंवा मित्र असतात. चालकाच्या अंगावर अनेक थरांचा अग्निरोधक सूट. चांगल्या प्रतीचा सूट दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुमारे दहा सेकंद लांबवतो, त्याहून भारी तीस-चाळीस सेकंद. डबा धरणारा टी-शर्टमध्ये. नियमावली जिथे जाड आहे तिथे धोका कमी झाला आणि जिथे पातळ आहे तिथे तो जाऊन बसला, असंच म्हणावं लागतं.

याचा पुरावा शर्यतीच्या मैदानाबाहेरही आहे. अमेरिकेतल्या शाळांत रंगीत ज्योतीचा प्रयोग दाखवताना मोठ्या बाटलीतून मेथनॉल ओतलं गेलं, बाटलीतली वाफ पेटली आणि तोंडातून ज्वाळेचा झोत समोरच्या मुलांवर गेला, असे अपघात घडले. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये डेन्व्हर आणि रीनो इथे लागोपाठ अशा घटना झाल्यावर तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाला खास इशारा द्यावा लागला. बाटली आणि डबा यांत फरक फक्त आकाराचा.

आग विझवण्याचंही तसंच. पाण्याने विझते म्हणून बादलीभर पाणी फेकणं पुरत नाही. चौथा हिस्सा मेथनॉल असलेलं पाणीही पेट घेऊ शकतं, आणि थोडं पाणी जळतं इंधन पसरवतं. पाणी हवं ते भरपूर.

आता विषाकडे. मेथनॉल स्वतः फारसं विषारी नाही, यकृत त्याला विषारी करतं. तिथे त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. हे आम्ल पेशींची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा अडवतं. सर्वात आधी फटका बसतो तो दृष्टीच्या मज्जातंतूला. रुग्ण ‘बर्फात उभा असल्यासारखं दिसतंय’ असं सांगतो. शुद्ध मेथनॉल १० मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, ३० मिलिलिटरने जीव. नळीला तोंड लावून टाकी रिकामी करण्याची गॅरेजमधली जुनी सवय या हिशेबात बसवून पाहावी.

कातडीतून आणि श्वासातूनही ते शरीरात जातं. हातावर चार थेंब उडाले आणि धुतले तर घाबरण्यासारखं काही नाही. पण भिजलेली पँट तासभर अंगावर ठेवणं वेगळं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी हवेत दहा लाख भागांत २०० भाग ही मर्यादा धरली जाते, आणि वास बऱ्याच जणांना त्याहून जास्त झाल्यावरच येतो. बंदिस्त सभागृहात एकामागून एक गाड्या न जळलेलं इंधन आणि फॉर्माल्डिहाइड सोडत असताना डोळे चुरचुरतात, ते याचमुळे. एका संध्याकाळच्या प्रेक्षकाला त्याने अपाय होण्याची शक्यता कमी. हंगामभर तिथे काम करणाऱ्यांसाठी वायुवीजन आणि हातमोजे यांना पर्याय नाही. हातमोजेही ब्यूटाइल रबराचे. दवाखान्यातले पातळ मोजे मेथनॉल फार वेळ अडवत नाहीत.

भारतात हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. आपल्या पंपावर पेट्रोलमध्ये मिसळलं जातं ते इथेनॉल, उसापासून किंवा धान्यापासून बनलेलं. त्याची आणि मेथनॉलची गल्लत करू नये. पण १५ टक्के मेथनॉल मिसळलेलं पेट्रोल आसाममधल्या तिनसुकियात २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर विक्रीस आलं, आसाममध्येच मेथनॉलवर चालणाऱ्या शेगड्या घरांत देऊन पाहिल्या गेल्या आणि मोठ्या मालवाहू जहाजांना मेथनॉलची इंजिनं बसू लागली आहेत. कोळशापासून देशात बनवता येतं, हे त्याचं आकर्षण खरं आहे. योजनांच्या कागदांत टाक्या आणि टँकर यांचा विचार असतो. डबा, नरसाळं, भिजलेले कपडे आणि चोरून विकला जाणारा पिंप यांचा तितकाच असायला हवा, कारण मालवणीत मेथनॉल पोहोचलं ते अशाच वाटेने.

मेथनॉलने भाजलेल्या किंवा भिजलेल्या माणसाचे कपडे आधी काढावेत. मात्र कातडीला चिकटलेलं कापड ओढू नये. वीस मिनिटं वाहतं पाणी, डोळ्यांत उडालं असेल तर डोळ्यांवरही. पोटात गेल्याचा संशय असेल तर रुग्णालयात ‘मेथनॉल’ हा शब्द आधी सांगावा. कारण फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेलं इथेनॉल यकृताचं ते घातक काम थांबवतं, डायलिसिस विष बाहेर काढतं, पण दोन्ही लवकर सुरू व्हावी लागतात. आणि लक्षणं तर बारा ते चोवीस तास दडून राहू शकतात: रात्री शर्यत संपते, टाकी रिकामी करून नळ्या धुतल्या जातात, मंडळी घरी जातात, आणि धूसर दिसायला लागतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.