पन्नास हजार, पण कोणाच्या भाषेतले?

नोव्हेंबरात कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाने नवं सॉफ्टवेअर शिकत बसू नये, असा एक उपदेश हमखास मिळतो. 'ही टंगळमंगळ आहे. वही घे आणि लिही.' मला हा उपदेश मुळातच चुकीचा वाटतो. त्या महिन्यात माझ्या कादंबरीचं जे काही भलं झालं, ते सॉफ्टवेअर शिकतानाच झालं. अडचण होती ती आकड्याची.

नॅनोरायमो, म्हणजे 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ', १९९९ साली ख्रिस बेटीने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांना घेऊन सुरू केला. पुढे तो नोव्हेंबरात स्थिरावला आणि जगभर पसरला. नियम एकच: ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. स्क्रिव्हनर हे कीथ ब्लाउंटचं सॉफ्टवेअर. मनासारखं साधन मिळेना म्हणून हा माणूस प्रोग्रॅमिंग शिकला आणि २००७ साली त्याने ते बाजारात आणलं. आव्हान जिंकणाऱ्यांना ते कित्येक वर्षं निम्म्या किमतीत मिळायचं. कादंबरी लिहून झाल्याचं बक्षीस काय, तर कादंबरी लिहायच्या सॉफ्टवेअरवर सूट! असो.

स्क्रिव्हनरमध्ये कादंबरी ही एक लांबलचक फाइल नसते, सुटे तुकडे असतात. डावीकडे त्यांची यादी, आणि हवं तर प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड बोर्डवर टाचलेलं. नाबोकोव्ह 'लोलिता' कार्डांवर लिहीत होता, तेच इथे पडद्यावर. माझ्या कादंबरीत गिरणी संपानंतर घर सोडून गेलेला बाप नवव्या प्रकरणात परत यायचा. कार्डं सरकवायला शिकत असताना मी ते प्रकरण सहज दुसऱ्या जागी नेऊन ठेवलं, आणि मधल्या सात प्रकरणांना एकदम कारण मिळालं. त्यातली दोन तर नकोशीच झाली. ती काढण्याआधी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवता येतो, म्हणजे जुना मजकूर शाबूत राहतो आणि हात कापत नाही. कादंबरी जुळली ती त्या संध्याकाळी. आव्हानाच्या हिशेबात मात्र मी त्या दिवशी शून्य शब्द लिहिले होते. खरं तर शून्याच्याही खाली.

आता मराठीचं बघा. 'शेजाऱ्याच्या घरासमोरच्या झाडाखाली' हे तीन शब्द झाले. 'अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ द नेबर्स हाउस' हे नऊ. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, आणि यंत्र फक्त मोकळ्या जागा मोजतं. प्रत्येक वाक्यात तिपटीचा फरक पडत नाही हे मान्य, पण पारडं कायम एकाच बाजूला झुकलेलं असतं. म्हणजे मराठीतले पन्नास हजार हे इंग्रजीतल्या पन्नास हजारांपेक्षा चांगलेच लांब. शिवाय 'घरा समोरच्या झाडा खाली' असं तोडून लिहिलं की मोजणी लगेच वाढते! अशुद्ध लेखनाला रोख बक्षीस देणारी ही पट्टी आपण बिनतक्रार वापरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आकडा नसेल तर शिस्त कुठून येणार? अँथनी ट्रोलप समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा, हा दाखलाही जोडीला येतो. पण ट्रोलपने तो आकडा स्वतःच्या भाषेसाठी आणि स्वतःच्या हाताचा वेग पाहून ठरवला होता. आपण दुसऱ्याच्या अंगाचं माप घेऊन शिंप्याकडे जातो आणि वर सदरा घट्ट होतो म्हणून स्वतःलाच आळशी ठरवतो.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअर या आव्हानापेक्षा जास्त समजूतदार आहे. त्यात लक्ष्य शब्दांऐवजी अक्षरांतही ठेवता येतं. त्याची चाचणी मुदतही ३० दिवसांचीच, पण तुम्ही ते प्रत्यक्ष उघडाल तेवढेच दिवस मोजले जातात. घरात दुखणं आलं किंवा कचेरीत वर्षअखेरीचं काम निघालं, तर मुदत तुमच्यासाठी थांबते. नोव्हेंबर थांबत नाही. ज्याचा स्वयंपाक दुसरं कोणी करतं, त्याच्यासाठी हा महिना आखलेला आहे, असं मला राहून राहून वाटतं.

मार्च २०२५ अखेर नॅनोरायमोची संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. आता बिल्ला द्यायला कोणी नाही आणि निम्म्या किमतीचं कूपनही नाही. तरी माझ्या ओळखीतले दोघे-तिघे यंदाही पन्नास हजारांचाच तक्ता भिंतीवर लावून बसलेत. कोणाला हिशेब देणार आहेत? मी त्यांना एवढंच सुचवलंय की रोज एक प्रसंग धरा. तो पूर्ण झाला तर झाला, हलवला तर हलवला, काढून टाकला तर तेही काम मोजा. त्यातल्या एकाने विचारलं, "मग जिंकलो हे कळणार कसं?" मी त्याला त्याच्या कादंबरीतल्या म्हातारीचं पुढे काय झालं ते विचारलं. ते त्याला अजून ठरवायचं होतं, आणि आकडा तर एकतीस हजारांवर गेला होता.