आखडलेला खांदा : हात बांधून ठेवू नका

काही वर्षांपूर्वी वसईतील होळी परिसरातून साठीच्या उंबरठ्यावरील एक बाई माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, अंबाडा बांधता येत नाही हो," एवढीच त्यांची तक्रार होती. उजवा खांदा दुखत होता आणि रात्री त्या कुशीवर निजता येत नव्हते. मी खांदा वरवर पाहिला, 'वयोमानाने होते असे' म्हणालो आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हात छातीच्या वर उचलत नव्हता. शेजारणीच्या सल्ल्याने त्यांनी तो झोळीत बांधून ठेवला होता. वेणी सून घालून देत होती. त्या दिवशी रक्त तपासले, तर साखर बरीच वाढलेली निघाली. खांदा जे सांगत होता, ते मी पहिल्या भेटीत ऐकलेच नव्हते.

या विकाराला आपल्याकडे 'खांदा धरला' म्हणतात. इंग्रजीत 'फ्रोझन शोल्डर'. हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल वेष्टण असते. त्या सैलपणामुळेच हात सर्व दिशांना फिरतो. या विकारात ते वेष्टण सुजते, जाड होते आणि आकसते. हाडाची झीज होतेच असे नाही, म्हणून क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष दिसते.

तो ओळखावा कसा? देवळातील घंटेपर्यंत हात पोहोचत नाही, पाठीमागे नाडी बांधता येत नाही, दोरीवर कपडे वाळत घालताना कळ येते. विशेष खूण अशी की, दुसऱ्याने हात धरून उचलला तरी तो वर जात नाही. स्वतःहून उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, असे असल्यास स्नायूबंध फाटल्याची शंका घ्यावी. वृद्धांत, विशेषतः पडल्यानंतर, हे अनेकदा आढळते.

चाळीस ते साठ या वयात, आणि स्त्रियांना अधिक, हा त्रास होतो. मधुमेह व थायरॉईडचे विकार असणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त असते. अस्थिभंग, पक्षाघात किंवा छातीची शस्त्रक्रिया यांमुळे हात बराच काळ स्थिर राहिला, तरी खांदा आखडतो. म्हणून खांदा धरलेल्या प्रत्येकाने एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी.

विकाराच्या तीन अवस्था असतात. पहिलीत वेदना प्रमुख, दुसरीत आखडलेपण प्रमुख, तिसरीत हात हळूहळू मोकळा होतो. या प्रवासाला एक ते तीन वर्षे लागू शकतात. बहुतेकांचा हात कामापुरता मोकळा होतो. काहींच्या हालचालीत थोडी उणीव राहते.

उपचार अवस्थेनुसार बदलतात. वेदना तीव्र असताना सांध्यात दिलेले स्टेरॉईडचे इंजेक्शन अनेकांना आराम देते; मात्र मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तेव्हा ती वारंवार तपासावी. मूत्रपिंड, रक्तदाब वा पोटाच्या व्रणाचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अनेक महिने उपचार करूनही हात अडलेलाच राहिला, तर भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे हे पर्याय अस्थिरोगतज्ज्ञ सुचवतात.

व्यायाम मात्र रोजचा हवा. आधी दहा मिनिटे कोमट शेक घ्यावा. त्वचा बधिर असलेल्या मधुमेहींनी शेकाची उष्णता दुसऱ्याकडून पारखून घ्यावी. मग निरोगी हात टेबलावर टेकून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून लहान वर्तुळे काढावीत. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढावे. उताणे झोपून, कोपर अंगाला लावून, दोन्ही हातांत काठी धरावी आणि निरोगी हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूस ढकलावा. सौम्य ताण जाणवणे योग्य; दुसऱ्या दिवशीही कळ राहिली तर जोर जास्त झाला असे समजावे. वेदनेच्या पहिल्या अवस्थेत हात ओढणारा मालीश किंवा झटका देणारे उपाय टाळावेत.

घरच्यांनाही चार गोष्टी सांगतो. सदरा घालताना आधी दुखरा हात बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. रुग्णाला उठवताना दंड वा काखेत धरून ओढू नये, विशेषतः पक्षाघात झालेल्यांना. रात्री दंडाखाली उशी द्यावी. आणि प्रत्येक काम आपणच करून देऊ नये. जमेल तेवढे त्यांना करू द्यावे.

डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर तो खांद्याचा विकार समजून थांबू नका; ताबडतोब रुग्णालय गाठा. ताप, सांध्याला लाली, पडल्यानंतरची वेदना किंवा अकारण घटणारे वजन असेल, तरीही तपासणी लांबवू नये.

त्या बाईंची झोळी आम्ही त्याच दिवशी सोडली. साखर आटोक्यात आली, व्यायाम सुरू झाला. सुमारे दीड वर्षाने त्या आल्या, त्या केवळ पाठ वळवून दाखवण्यासाठी. अंबाडा थोडा वाकडा होता, पण त्यांनी स्वतः बांधला होता. तेव्हापासून 'वयोमानाने होते' हे वाक्य रुग्ण तपासण्याआधी मी उच्चारत नाही. आपणही ते कुणाकडून मुकाट्याने ऐकून घेऊ नका.